आजोळच्या देवाची दीक्षा : सिथियन राजा स्किलेसचे प्रकरण

इ.स.पू. ५व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास काळ्या समुद्राच्या उत्तरेला एका राजाला त्याच्याच माणसांनी नाकारले. तो पळाला, धरून दिला गेला, आणि सावत्र भावाने नदीकाठी त्याचे शिर उडवले. राजाचे नाव स्किलेस. त्याचा गुन्हा एवढाच, की एका ग्रीक शहरात मद्यदेव डायोनिससच्या भक्तमेळ्यात, अंगात आलेल्या अवस्थेत, तो आपल्या सरदारांच्या दृष्टीस पडला.

ही हकीकत ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने आपल्या इतिहासग्रंथाच्या ४थ्या खंडात दिली आहे. सिथियन लोक परक्यांच्या, त्यातही ग्रीकांच्या, चालीरीती कटाक्षाने टाळतात, या आपल्या विधानाचा दाखला म्हणून तो ती सांगतो. पुढेही ती बहुधा तशीच वाचली गेली: एकीकडे शहर, दुसरीकडे भटके, आणि दोघांचे जुळणे अशक्य. मला हे वाचन पटत नाही. तपशील शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर ग्रीक आणि सिथियन एकमेकांत खोलवर मिसळलेले दिसतात. लग्ने होत होती, धान्य आणि मद्य हात बदलत होते, देवसुद्धा सरहद्द ओलांडत होते. स्किलेस ग्रीक झाला म्हणून बुडाला, यापेक्षा त्याच्या आजोळामागे सैन्य नव्हते म्हणून बुडाला, असे म्हणायला जास्त आधार आहे.

तीन सोयरिकी

स्किलेसचा बाप अरियापेथेस हा सिथियनांचा राजा. हे लोक इराणी भाषाकुळातली बोली बोलणारे, घोड्यावर वाढलेले पशुपालक. डॅन्यूबच्या मुखापासून डॉन नदीपर्यंतच्या गवताळ पट्ट्यावर, म्हणजे स्टेपवर, त्यांचा वावर होता. इराणी लोक या सगळ्याच भटक्यांना सरसकट शक म्हणत, असे हिरोडोटसच नोंदवतो. शक हे नाव मराठी वाचकाला परके नाही. नाशिकच्या लेण्यांतल्या एका लेखात क्षहरात घराण्यातल्या राजा नहपानाचा जावई उषवदात स्वतःला शक म्हणवतो, आणि १९०६ साली जोगळटेंभीला सापडलेल्या साठ्यातल्या नहपानाच्या नाण्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक लिपीतली अक्षरे आहेत. ती शाखा वेगळी, काळही पाच-सहाशे वर्षांनी पुढचा. तरी स्टेपवरून आलेली घराणी आणि ग्रीक अक्षरे यांची गाठ किती दूरवर पोहोचली, ते गोदावरीच्या खोऱ्यातही दिसते.

अरियापेथेसच्या तीन बायकांची माहिती मिळते. एक इस्त्रिया शहरातली ग्रीक स्त्री. इस्त्रिया म्हणजे आजच्या रोमानियाच्या किनाऱ्यावर, डॅन्यूबच्या मुखाजवळ, आशिया मायनरमधल्या मिलेटस या ग्रीक शहराच्या लोकांनी वसवलेली वसाहत. दुसरी थ्रेसमधल्या, म्हणजे डॅन्यूबच्या दक्षिणेकडच्या मुलखातल्या, ओद्रिसी लोकांचा राजा तेरेस याची मुलगी. तिसरी ओपोइया, ही सिथियनच. इस्त्रियाच्या बाईचा मुलगा स्किलेस, तेरेसच्या लेकीचा ऑक्टामासादेस, ओपोइयाचा ओरिकोस. या तीन सोयरिकींकडे मी तीन सरहद्दी सांभाळण्याचे धोरण म्हणून पाहतो. समुद्राकडची शहरे, डॅन्यूबपलीकडचे बलाढ्य शेजारी आणि घरचे सरदार, असे तिन्ही बाजूंचे धागे एका तंबूत आणून बांधलेले.

त्या काळी स्टेपवरच्या राजघराण्यात ग्रीक मुलगी नांदत होती आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढल्याची नोंद नाही. तिने मुलाला स्वतः ग्रीक भाषा आणि ग्रीक अक्षरे शिकवली. हिरोडोटस हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या सगळ्याचे मूळ त्याला या शिकवणीत दिसते. मात्र अशा आईचा मुलगा राजा झाला आणि त्याचे राज्यारोहण कोणी अडवले नाही, ही गोष्ट तो फारशी न थांबता ओलांडतो. मला ती महत्त्वाची वाटते.

राज्यारोहणही निवांतपणे झाले नाही. अरियापेथेसला अगाथिर्सी लोकांचा राजा स्पार्गापेथेस याने दग्याने मारले. गादीबरोबर स्किलेसने बापाची सिथियन बायको ओपोइया हिलाही आपली बायको केले. म्हणजे निदान उघड व्यवहारात तो घरची रीत पाळत होता. घराण्याचा सिथियन धागा त्याने हातचा जाऊ दिला नाही.

ओल्बिया आणि तिचा शेजार

प्रकरण घडले ते ओल्बियात. हिरोडोटस तिला बोरिस्थेनाइटांचे शहर म्हणतो. बोरिस्थेनीस म्हणजे आजची नीपर नदी. शहराचे अवशेष आजच्या युक्रेनमध्ये, मिकोलायव्ह प्रांतातल्या पारुतिने गावाजवळ, दक्षिण बुग नदीच्या रुंद मुखाशी आहेत. १९०१ पासून बोरिस फार्माकोव्स्की यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू केले. हीदेखील मिलेटसचीच वसाहत. सुरुवातीचे रहिवासी जमिनीत अर्धवट खोदलेल्या घरांत राहत. पुढे दगडी घरे, बाजारचौक आणि अपोलो डेल्फिनिओसचे देवस्थान उभे राहिले. लहान व्यवहारांसाठी इथे डॉल्फिनच्या आकाराची कांस्याची नाणी ओतली जात.

शहराबाहेर पाऊल टाकले की लगेच परका मुलूख सुरू होत असे, अशी कल्पना केली तर ती चुकेल. सर्वांत जवळ कॅलिपिडे राहत, आणि हिरोडोटस त्यांना चक्क ग्रीक-सिथियन म्हणतो. त्यांच्या पलीकडचे अलाझोनेस इतर बाबतींत सिथियनांसारखेच वागत, पण धान्य पेरत, खात, शिवाय कांदा, लसूण, मसूर, बाजरीवर्गातले धान्यही पिकवत. आणखी आत नांगरणारे सिथियन होते. ते स्वतःच्या पोटासाठी नव्हे, विकण्यासाठी धान्य पिकवत. ते धान्य नदीमार्गे ओल्बियाच्या धक्क्यावर येई आणि उलट वाटेने मद्याचे रांजण आत जात. सिथियन थडग्यांतून अशा ग्रीक अँफोरा, म्हणजे दोन कानांचे उभे रांजण, वारंवार सापडले आहेत.

मद्याचा मुद्दा या प्रकरणात कळीचा आहे. डायोनिसस हा द्राक्षाचा, मद्याचा देव. त्याच्या भक्तीने सिथियन खवळले, तर मद्य त्यांना वर्ज्य होते का? अजिबात नाही. शपथ घेताना सिथियन मोठ्या मातीच्या पात्रात मद्य ओतत, शपथ घेणाऱ्यांचे रक्त त्यात मिसळत, तलवार, बाण, कुऱ्हाड आणि भाला त्यात बुडवत आणि मग ते पीत. प्रत्येक प्रांताचा अधिकारी वर्षातून एकदा मद्याचे मोठे पात्र तयार करी; ज्याने शत्रू मारला असेल तोच त्यातून पिई, बाकीचे मान खाली घालून बाजूला बसत. ग्रीकांकडून आलेले पेय सिथियनांच्या सर्वांत गंभीर विधीत जाऊन बसले होते.

धुंदीचेही तेच. कोणाला पुरल्यानंतर ते लहान तंबूत तापलेल्या दगडांवर भांगेचे बी टाकत आणि त्या वाफेत आनंदाने ओरडत, असे हिरोडोटस सांगतो. अल्ताय पर्वतात पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांत तंबूचे खांब, दगड आणि जळके भांगबी सापडले, तेव्हा हे वर्णन खरे ठरले. धुंद होणे म्हणजेच बाट लागणे, असा काही त्यांचा समज नव्हता.

डायोनिससही उत्तरेकडे पोहोचला होता. बुदिनी लोकांच्या मुलखात गेलोनोस नावाचे लाकडी तटाचे मोठे शहर होते. तिथले गेलोनी मूळचे किनाऱ्यावरून उठून आलेले ग्रीक. भाषा अर्धी सिथियन, अर्धी ग्रीक. आणि ते दर तिसऱ्या वर्षी डायोनिससचा उत्सव करत. हे सगळे त्याच ४थ्या खंडात, स्किलेसच्या गोष्टीपासून थोड्याच पानांवर आहे. सिथियन परके काही चालवून घेत नाहीत, या विधानाला हिरोडोटसने स्वतःच इतके अपवाद गोळा करून ठेवले आहेत.

तटाच्या आत, तटाच्या बाहेर

स्किलेस सैन्यासह ओल्बियाला येई. सैन्य शहराबाहेरच्या वस्तीत थांबे. तो एकटा आत जाई आणि दरवाजे बंद होत. आत गेल्यावर सिथियन वेश उतरवून ग्रीक कपडे घाली, रक्षक न घेता बाजारचौकात फिरे, ग्रीक पद्धतीने देवांना नैवेद्य-बळी अर्पण करी. दरवाज्यांवर पहारा असे, तो राजाला या वेशात कोणा सिथियनाने पाहू नये म्हणून. महिनाभर, कधी त्याहून जास्त राहून तो पुन्हा सिथियन वेश चढवी आणि निघून जाई. असे पुष्कळदा घडले. त्याने शहरात मोठे घर बांधले होते, तिथलीच एक स्त्री त्या घरात बायको म्हणून आणली होती. घराभोवती पांढऱ्या दगडातले स्फिंक्स आणि ग्रिफिन उभे होते.

हे ग्रिफिन मला फार बोलके वाटतात. गरुडाची चोच आणि सिंहाचे अंग असलेला हा प्राणी ग्रीक शिल्पात आहे आणि स्टेपवरच्या कलेतही आहे. खोगिरावरच्या कातडी चित्रांत तो घोड्यांवर, हरणांवर झडप घालताना दिसतो. ग्रीकांची कथा अशी, की उत्तरेच्या टोकाला ग्रिफिन सोन्याची राखण करतात. म्हणजे ग्रीक पाथरवटाने घडवलेली ही राखणदार जनावरे शहरातल्या माणसाला ओळखीची होती आणि घोड्यावरून आलेल्या सिथियनालाही. अशी चिन्हे निवडणारा माणूस आईची भाषा आणि बापाची सत्ता एकाच अंगणात आणू पाहत होता. फक्त ते अंगण तटाच्या आत होते.

मग त्याने डायोनिसस बाक्खेइओसची, म्हणजे अंगात येऊन उन्माद आणणाऱ्या डायोनिससची, दीक्षा घ्यायचे ठरवले. विधी सुरू होणार तोच त्याच्या घरावर वीज पडली आणि घर जळून गेले. ग्रीक आणि सिथियन, दोघांच्याही नजरेत हा अपशकुन असणार. स्किलेसने दीक्षा पुरी केली.

त्या काळच्या ओल्बियात ही भक्ती किती खोल होती, याचे पुरावे जमिनीतून आले आहेत. इ.स.पू. ५०० च्या सुमाराच्या एका कांस्य आरशावर लेनाइओसची मुलगी देमोनास्सा आणि देमोक्लोसचा मुलगा लेनाइओस यांची नावे आणि बाक्खेइओसच्या भक्तांची आरोळी कोरलेली आहे. १९५१ च्या उत्खननात मिळालेल्या ५व्या शतकातल्या हाडाच्या चपट्या तुकड्यांपैकी एकावर ‘जीवन मृत्यू जीवन’ आणि ‘सत्य’ असे शब्द आहेत, आणि डायोनिससच्या नावाची पहिली अक्षरे. मरणापलीकडे काय, या प्रश्नाशी जोडलेली ही दीक्षा होती. स्किलेसला तिची ओढ लागली ती चैनीपोटी होती असे मी मानत नाही. महिनाभर शहरात मजा तो आधीही करत होताच. विजेने घर जाळल्यावरही जो मागे फिरत नाही, त्याला काहीतरी खरोखर हवे असते.

बातमी फोडली ती एका ओल्बियाच्या ग्रीकाने. त्याने सिथियनांना डिवचले: आमच्या अंगात देव येतो म्हणून तुम्ही आम्हाला हसता, आता तोच देव तुमच्या राजाच्या अंगात आला आहे, खोटे वाटत असेल तर चला, दाखवतो. सरदार त्याच्यामागे गेले. त्याने त्यांना गुपचूप एका बुरुजावर नेऊन बसवले. भक्तमेळा खालून गेला, त्यात स्किलेस होता. सरदारांना ही भयंकर आपत्ती वाटली. त्यांनी बाहेर येऊन साऱ्या सैन्याला सांगितले.

या डिवचण्यातून एक गोष्ट सहज निसटते. माणूस देवाधर्मावरून टोमणे मारतो तो रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसाला. शहरातला ग्रीक आणि सिथियन सरदार एकमेकांच्या विधींवर वाद घालण्याइतके जवळ होते. सिथियनांचा आक्षेपही विचारपूर्वक मांडलेला आहे: माणसाला वेड लावणारा देव शोधून काढणे योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे अज्ञानातून आलेले म्हणणे नाही. त्यांना डायोनिसस माहीत होता, आणि त्याच्याबद्दल त्यांचे मत ठरलेले होते.

नदीकाठचा सौदा

स्किलेस आपल्या मुलखात परतल्यावर सिथियनांनी उठाव केला आणि ऑक्टामासादेसला पुढे केले. कारण कळताच स्किलेस थ्रेसला पळाला. ऑक्टामासादेस सैन्य घेऊन मागोमाग गेला. डॅन्यूबच्या काठी थ्रेसचे सैन्य समोर उभे राहिले. लढाई जुंपणार, तेवढ्यात थ्रेसचा राजा सितालकेस याने निरोप पाठवला: आपण एकमेकांची परीक्षा कशाला घ्यायची? तू माझ्या बहिणीचा मुलगा आहेस आणि माझा भाऊ तुझ्याकडे आहे. त्याला मला दे, मी तुझा स्किलेस तुला देतो. सितालकेसचा हा भाऊ त्याच्यापासून पळून ऑक्टामासादेसच्या आश्रयाला आला होता. अदलाबदल झाली. सितालकेस आपल्या भावाला घेऊन निघून गेला. ऑक्टामासादेसने स्किलेसचे डोके तिथल्या तिथे उडवले.

सितालकेस हा तेरेसचा मुलगा, म्हणजे ऑक्टामासादेसचा सख्खा मामा. प्रकरणाची गाठ मला इथे सुटताना दिसते. उठाव करणाऱ्या सरदारांना पर्यायी राजा हवा होता, आणि ज्याला त्यांनी निवडले त्याचे आजोळ म्हणजे त्या भागातले सर्वांत वेगाने वाढणारे राज्य होते. पुढे इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्सने याच सितालकेसशी मैत्रीचा करार केला, इतके त्याचे वजन वाढले. लक्षात घ्या, ऑक्टामासादेसही परक्या आईचाच मुलगा होता. सिथियनांना शुद्ध रक्ताचा राजा हवा होता असे म्हणायचे, तर ओपोइयाचा ओरिकोस होता की. त्याला कोणी पुढे केले नाही.

स्किलेस इस्त्रियाला किंवा ओल्बियाला का गेला नाही, याचे कारण हिरोडोटस देत नाही. माझा अंदाज असा, की तटाचे दरवाजे बंद करून राजाला महिनाभर लपवणे ओल्बियाला शक्य होते, चालून आलेल्या सिथियन सैन्यासमोर तेच दरवाजे बंद ठेवणे शक्य नव्हते. ज्या धान्यावर शहर जगत होते ते नव्या राजाच्या मुलखातून येत होते.

भक्तीच का नडली

तरीही सरदारांचा धक्का केवळ निमित्त होता, असे मी म्हणणार नाही. सिथियनांत राजाची चूल ही सर्वांत मोठ्या शपथेची जागा होती. राजा आजारी पडला तर कोणीतरी राजाच्या चुलीची खोटी शपथ घेतली असणार, असे ज्योतिषी सांगत, आणि त्या आरोपावर माणसांची डोकी जात. इराणचा सम्राट दारियस याने सिथियनांवर स्वारी केली तेव्हा त्यांचा राजा इदान्थिर्सोस याने उत्तर पाठवले, की माझे धनी दोनच: माझा पूर्वज झ्यूस आणि सिथियनांची राणी हेस्तिया. हेस्तिया हे त्यांच्या चुलीच्या देवतेला, तबितीला, हिरोडोटसने दिलेले ग्रीक नाव. राजाची प्रकृती, राजाची चूल आणि सगळ्यांच्या शपथा अशा एकमेकींत गुंतलेल्या असताना, तोच राजा दुसऱ्या चुलीपाशी, दुसऱ्या देवाच्या ताब्यात, भान हरपून जाताना दिसला. कपडे बदलता येतात. दीक्षा परत देता येत नाही.

हिरोडोटसने स्किलेसच्या आधी अनाखार्सिसची गोष्ट सांगितली आहे. तोही राजघराण्यातला. सायझिकस या ग्रीक शहरातून देवमातेचा विधी शिकून आला, हिलाइयाच्या रानात डफ वाजवत तो करताना दिसला, आणि राजा असलेल्या भावाने, सावलिओसने, त्याला बाणाने मारले. दोन्ही गोष्टींत लपून केलेला विधी, पाहणारा साक्षीदार आणि मारणारा भाऊ आहे. कथा सांगणाऱ्याने साचा बसवला असेल, हे मान्य. पण निव्वळ रचलेले म्हणून सोडूनही देता येत नाही. हिलाइयात देवमातेची वेदी होती, हे ओल्बियात सापडलेल्या एका खापरावरच्या इ.स.पू. ६व्या शतकातल्या पत्रावरून कळते. आणि अरियापेथेसचा कारभारी टिम्नेस याच्याशी आपण बोललो, असे हिरोडोटस अनाखार्सिसच्या संदर्भात स्वतः लिहितो. म्हणजे स्किलेसच्या बापाच्या दरबारातल्या माणसापर्यंत त्याची पोहोच होती.

स्किलेसचे नाव तर वस्तूंवरच मिळाले. इस्त्रियाच्या परिसरात सापडलेल्या एका जाड सोन्याच्या अंगठीवर आसनावर बसलेली, हातात आरसा धरलेली देवी आहे आणि ‘स्किलेसची’ असे ग्रीक अक्षरांत कोरलेले आहे. आरसा धरलेली देवी सिथियन राजसत्तेच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येते. म्हणजे ही अंगठी देवाच्या बाजूने सिथियन, अक्षराच्या बाजूने ग्रीक, आणि सापडली ती आजोळच्या वाटेवर. शिवाय नीस्तर नदीच्या मुखाशी, आजच्या ओडेसा प्रांतात, निकोनिओन नावाचे ग्रीक शहर होते. तिथल्या ओतीव कांस्य नाण्यांवर घुबड आहे आणि स्किलेसच्या नावाची पहिली अक्षरे. ही नाणी उघड्या बाजारात फिरत होती. त्यामुळे राजाचा ग्रीक शहरांशी असलेला संबंध लपवलेला मुळीच नव्हता. शहरांवर हुकमत चालवणे, त्यांच्याकडून कर-नजराणे घेणे, त्यांच्या नाण्यांवर नाव टाकणे हे सगळे राजाला शोभणारेच होते. लपवलेले होते ते फक्त तटामागचे आयुष्य.

स्किलेसनंतर काय झाले? संबंध तुटले असते तर हिरोडोटसचे विधान खरे ठरले असते. पण इ.स.पू. ५व्या शतकातच ओल्बियात चांदीची नाणी पडली, त्यांवर धनुष्याला प्रत्यंचा चढवणारा हेराक्लीस आहे आणि एमिनाकेस हे नाव. सिथियनांच्या उत्पत्तीची जी कथा किनाऱ्यावरचे ग्रीक सांगत, तीत हेराक्लीसचे धनुष्य जो वाकवील तोच राजा, अशी अट आहे. पुढच्या शतकात ग्रीक कसबाचे सोने थेट सिथियन राजांच्या थडग्यांत गेले. क्रिमियातल्या केर्चजवळच्या कुल-ओबा या थडग्यावरच्या ढिगाऱ्यातून १८३० मध्ये निघालेल्या भांड्यावर सिथियन योद्धे एकमेकांचा दात पाहतात, पायाला पट्टी बांधतात, धनुष्याला दोरी लावतात. १९७१ मध्ये बोरिस मोझोलेव्स्की यांनी युक्रेनमधल्या तोव्स्ता मोहिला या थडग्यात शोधलेल्या, किलोभराहून जड सोन्याच्या गळपट्ट्यावर वरच्या ओळीत दोन पुरुष मेंढीच्या कातड्याचा सदरा शिवत बसले आहेत, मेंढीचे दूध काढले जात आहे. खालच्या ओळीत ग्रिफिन घोड्यांना फाडत आहेत. हे दागिने ग्रीक हातांनी घडवले, सिथियन राजांसाठी, सिथियन आयुष्य दाखवत. या सोन्यावर ग्रीक कपड्यातला सिथियन दिसत नाही. ग्राहकाने कारागिराला आपल्या तंबूपर्यंत यायला लावले होते.